शेवटचा बदल

धर्मराज म्हात्रे यांच्या आयुष्यात गेल्या तीन वर्षांत काहीही बदललेलं नाही, असं कॉम्प्युटरने सांगितलं तेव्हा धर्मराजांना आधी बरंच वाटलं. नोकरी तीच, घर तेच, बायको तीच. माणसाने याहून चांगलं काय वागायचं? पण कॉम्प्युटरवर बसलेली मिताली काही कौतुकाने बघत नव्हती.

"काका, हे वाईट आहे," ती म्हणाली. "असंच राहिलं तर तुमचं नाव सोडतीतून जाणार."

हे घडत होतं नियोजित नवप्रभात गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीत, पनवेलच्या उरण नाक्याजवळच्या एका गाळ्यात. संस्थेची इमारत सुकापूरला उभी राहत होती. सभासद जास्त आणि घरं कमी, म्हणून सोडत काढायचं ठरलं होतं. पण यादीतलं कोण खरोखर आहे आणि कोण नाही, याचाच पत्ता नव्हता. कुणी दुबईला जाऊन बसला होता, कुणी डोंबिवलीत घर घेऊन मोकळा झाला होता, आणि काही जण तर असे होते की घर लागलं असतं तरी किल्ली द्यायला कुठे जायचं हा प्रश्न पडला असता.

यावर सेक्रेटरी कुमार टिपणीस यांनी तोडगा काढला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ हसलेला कुणी पाहिला नव्हता, पण संस्थेत कॉम्प्युटर त्यांनीच आणला. सभासदांची सगळी माहिती त्यात भरली. प्रत्येकाची एक ओळ. नाव, पत्ता, फोन, नोकरी आणि घरातली माणसं. ओळीच्या शेवटी एक कॉलम होता, 'शेवटचा बदल'. ओळीतलं काहीही बदललं की त्या दिवसाची तारीख कॉम्प्युटर स्वतःच तिथे टाकायचा. हाताने टाकायची सोयच ठेवली नव्हती. "मी म्हटलं तरी पडणार नाही," असं टिपणीस अभिमानाने सांगत.

"जिवंत माणसाचं तीन वर्षांत काहीतरी बदलतंच," त्यांनी सर्वसाधारण सभेत मांडलं होतं. "ज्याचं काहीच बदललं नाही तो एक तर आता नाही, नाहीतर त्याला घराची गरज नाही." सभेला हे पटलं. सभा संपून चहा यायचा होता, त्यामुळे लवकर पटलं. धर्मराजांनीही हात वर केला होता.

बाकीच्या सभासदांचं सहज भागलं. कुणाला मूल झालं होतं, कुणाला बढती मिळाली होती. आणि मध्यंतरी पनवेलच्या फोन नंबरांना पुढे आणखी एक आकडा लागला होता, त्यामुळे ज्यांचं दुसरं काहीच घडलं नव्हतं असे फोनवाले नुसत्या एका आकड्यावर जिवंत ठरले. धर्मराजांनी फोनसाठी अर्ज करून जमाना लोटला होता. तो अर्जही जिथे होता तिथेच होता.

"पण मी जिवंत आहे," धर्मराज म्हणाले. "हा तुमच्यासमोर उभा आहे."

"ते दिसतंय काका. पण जिवंतचा कॉलमच नाहीये." मिताली चांगली मुलगी होती. तिने धर्मराजांचं नाव पुन्हा एकदा जसंच्या तसं टाइप करून पाहिलं. पडद्यावर 'नो चेंज' आलं. पत्ता टाइप केला. 'नो चेंज'. मग तिने आवाज खाली आणला. "असं करू या का? पत्त्यात मुद्दाम एक चूक करते आणि लगेच सुधारते. तारीख पडेल."

"म्हणजे आधी खोटं मांडायचं?"

"एक मिनिटभर."

"नको," धर्मराज म्हणाले.

इथे धर्मराजांचा धंदा सांगायला हवा. तळोज्याच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. कोण आला, कधी आला, कोण आलाच नाही, हे मांडायचं. जो आला नाही त्याला हजर मांडायचं नाही, या एका तत्त्वावर त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि त्यापायी मित्र फारसे जोडले नव्हते. मॅनेजरचा मेव्हणा उशिरा आला तर उशिराच मांडला जाई. अशा माणसाला मिनिटभर खोटं सांगा म्हणणं म्हणजे त्याच्याच हाताने त्याच्या तोंडात मारायला सांगणं.

ते टिपणीसांकडे गेले. टिपणीसांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम तुमच्याही मताने झालाय याची आठवण करून दिली. "बदल खरा असेल तर आणा, म्हात्रे. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे."

घरी आल्यावर हे ऐकून शकूबाईंनी कपाळाला हात लावला. भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला होता, आणि नळ चार बिऱ्हाडांत मिळून एक. सुकापूरच्या घरात स्वतःचा नळ असणार होता. त्या नळासाठी त्यांनी इतकी वर्षं रांगेत हंडा पुढे सरकवत काढली होती. कधी उघडू, कधी बंद करू, कुणाला विचारायचं नाही, एवढंच त्यांना देवाकडे मागायचं होतं.

"ती पोरगी बिचारी आपण होऊन करत होती, तर तुम्ही नको म्हणालात?"

"खोटं होतं ते."

"शेजारच्या कामतांच्या फोनला आकडा काय लागला, ते जिवंत. आणि आपण? आपल्याला फोनच नाही तर आकडा कुठून लावू, माझ्या कपाळावर?"

मग दोघं बसून आपल्या आयुष्यात काय बदललंय ते शोधू लागले. धर्मराजांना चष्मा लागला होता, पण चष्म्याचा कॉलम नव्हता. शकूबाईंचे गुडघे गेले होते. कॅलेंडर दरवर्षी बदलत होतं, पण तेही त्याच खिळ्यावर.

"एक बदल आहे," शेवटी शकूबाई म्हणाल्या.

धर्मराजांना तो माहीत होता. कचेरीत मितालीने 'घरातली माणसं तीन, धर्मराज, शकुंतला, नीता' असं वाचलं तेव्हा ते पटकन "बरोबर" म्हणाले होते. नीताचं लग्न होऊन ती रोह्याला गेली त्याला चार वर्षं झाली होती. कपाटातला तिचा कप्पा तसाच होता, दाराआड तिची सायकल होती आणि धर्मराज तिच्यात अधूनमधून हवा भरत. जन्मभर कुणाची खोटी हजेरी न मांडणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मुलीची मात्र चार वर्षं रोज मांडली होती.

"तिची जागा ठेवायची आहे मला, तिकडच्या घरात," धर्मराज म्हणाले.

"जागा ठेवायला आधी घर तर लागलं पाहिजे," शकूबाई म्हणाल्या. "उद्या जाऊन सांगा त्या कचेरीतल्या मुलीला."

"तूही चल."

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. मितालीने विचारलं, "नीता कमी करायची ना?" धर्मराजांनी मान हलवली. शकूबाई भिंतीवरच्या इमारतीच्या नकाशाकडे बघत राहिल्या. मितालीने एक बटण दाबलं, पडद्यावर 'बदल नोंदवला' असं आलं आणि ओळीच्या टोकाला तारीख पडली. धर्मराज म्हात्रे पुन्हा जिवंत झाले. दोघंही कोपऱ्यावरचा नेहमीचा उसाचा रस न पिता घरी आले.

आता कॉम्प्युटरला आणखी एक काम नेमून दिलेलं होतं, ते म्हात्र्यांना ठाऊक नव्हतं आणि मितालीच्या ध्यानात नव्हतं. ओळीत बदल झाला की त्या सभासदाला संस्थेचं एक कार्ड जायचं. नोकरी बदलली तर अभिनंदनाचं, पत्ता बदलला तर शुभेच्छांचं. मजकूर टिपणीसांनीच एकदा बसून लिहून दिले होते. संध्याकाळी सगळी कार्डं एकदम छापून निघायची आणि मिताली घरी जाताना ती पेटीत टाकायची. घरातून माणूस कमी होतो तो एकाच कारणाने, असं टिपणीसांनी धरलेलं होतं. मुली लग्न करून जातात हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांना मुलगी नव्हती.

कार्ड आलं तेव्हा शकूबाई नळावर होत्या. दारात सोनाबाई टोपली उतरवून बसली होती. ती उरणहून मासळी घेऊन यायची आणि नीता फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून या दारात बसत होती. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमनने कार्ड उलटं केलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काय लिवलाय रे?"

पोस्टमनने वाचून दाखवलं. "आपल्या कुटुंबातील कु. नीता आता आपल्यात नाहीत हे कळून अतीव दुःख झाले. गेलेल्या माणसाची जागा घरात तशीच राहते. संस्था आपल्या दुःखात सहभागी आहे."

सोनाबाईने तिथेच हंबरडा फोडला. शकूबाई हंडा टाकून धावत आल्या, तोवर चारही बिऱ्हाडं गोळा झाली होती.

"अगो वैनी, आमाला सांगलास पन नाय! माजे हातची कोलीमची चटनी खायची गो ती पोर!"

शकूबाईंनी कार्ड वाचलं. "अहो, काही झालेलं नाही!" त्या ओरडल्या. "नीता खडखडीत आहे. हे त्या कॉम्प्युटरचं काहीतरी आहे!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कामतवहिनींनी शकूबाईंचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि पाणी आणलं. "धक्का बसलाय हो," त्या हळूच म्हणाल्या. "बोलू द्या त्यांना." शकूबाई जितक्या जोराने नीता जिवंत असल्याचं सांगत, तितक्या बायका जास्त रडत. सोनाबाईने टोपलीवर फडकं ओढलं. "आज या दारान मासली नाय इकायची. शोभत नाय."

संध्याकाळी धर्मराज कारखान्यातून परतले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. कामतांनी त्यांना मिठी मारली. कामतांनी आजवर त्यांच्याशी पाण्याच्या वेळेशिवाय दुसरं काही बोललेलं नव्हतं. मिठीतून सुटल्यावर धर्मराजांनी कार्ड वाचलं आणि समजावून सांगायला तोंड उघडलं.

"मीच तिचं नाव काढायला सांगितलं," ते म्हणाले.

याने काहीच सुधारलं नाही. "काही काही बापांना असंच होतं," कुणीतरी मागून म्हणालं. "स्वतःला दोष देतात." आणि मग धर्मराजांनाही खाली बसवून पाणी देण्यात आलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण कामत मदतीला धावणारे होते. त्यांच्याकडे फोन होता, वाढलेल्या आकड्यासकट, आणि नीताच्या लग्नाच्या वेळचा म्हात्र्यांच्या जावयाच्या कंपनीचा नंबरही. सकाळी त्यांनी रोह्याला फोन लावून जावयाचं, देवेशचं, सांत्वन केलं. देवेशने घाबरून जीव मुठीत धरून घर गाठलं, तर नीता ओट्याशी लसूण सोलत होती. दोघं पहिल्या एसटीने निघाले.

नीता दारात उभी राहिली तेव्हा सोनाबाईने किंकाळी मारली, आणि दुसऱ्याच क्षणी तिला कवटाळून इतकी रडली की आधीचं रडणं काहीच नव्हतं. शेजाऱ्यांनाही आनंद झाला, पण जरा ओशाळलेला. कामत नळाला पाणी आलंय का बघायला गेले.

नीताने कार्ड हातात घेऊन दोनदा वाचलं.

"मला मारलं ते जाऊ दे, ते मशीनचं काम," ती म्हणाली. "पण बाबा, माझं नाव तुम्ही काढलंत?"

धर्मराजांनी सगळं सांगितलं. नियम, तारीख, तीन वर्षं, नो चेंज. सांगताना त्यांना स्वतःलाच ते बरोबर वाटत होतं आणि तरीही ते मुलीकडे बघू शकत नव्हते. "तू इथे राहत नाहीस," ते शेवटी म्हणाले. "गैरहजर माणसाला हजर कसं मांडणार?"

"मग सायकलमध्ये हवा कुणासाठी भरता?"

धर्मराजांनी दाराआडच्या सायकलकडे पाहिलं. शकूबाईंनी पदराने डोळे पुसले. "मीच सांगितलं त्यांना. नळापायी."

"चला," नीता म्हणाली. "नाव परत घालायचं. घर लागो न लागो."

तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. कचेरीत मिताली अंतिम यादीची कच्ची प्रत छापत होती आणि टिपणीस तिच्या मागे उभे होते. समोर साक्षात नीता पाहून त्यांनी कार्ड मागून घेतलं, वाचलं आणि ते अवघडून म्हणाले, "मजकूर माझा आहे. चूक झाली. क्षमा करा." क्षमा मागायची त्यांना सवय नव्हती, पण मागितली. नाव परत घालायला मात्र ते तयार होईनात. "लग्न झालेली मुलगी सासरच्या घरात मोजतात. नोंद खोटी होईल. म्हात्रे, निदान तुम्हाला तरी हे पटायला हवं."

आणि पंचाईत अशी, की धर्मराजांना ते पटत होतं.

"पटत असलं तरी," धर्मराज म्हणाले, आणि त्यांनी नीताकडे वळून पाहिलं.

तेवढ्यात प्रिंटर थांबला. मितालीने कागद फाडून वरपासून खालपर्यंत पाहिला, मग पुन्हा पाहिला. "सर, यादीत तुमचं नाव नाहीये."

"यादी बरोबर असेल," टिपणीस म्हणाले.

"असं कसं असेल, सर?" असं म्हणत तिने त्यांची ओळ काढलीसुद्धा. टिपणीस "राहू दे" म्हणेपर्यंत ती पडद्यावर आली होती. घरातली माणसं दोन. कुमार, मालती. शेवटचा बदल, रिकामा.

मालतीबाई टिपणीस जाऊन दीड वर्ष झालं होतं. धर्मराज स्वतः त्यांना पोचवायला गेले होते. पंखा फिरत होता आणि यादीचा कागद टेबलावर फडफडत होता.

"ते करायचं राहून गेलंय," टिपणीस म्हणाले.

मितालीने भीत भीत विचारलं, "करू का, सर? एकच बटण आहे. तुमचं नाव यादीत येईल."

"नाव काढलं की कार्ड निघतं, मिताली." टिपणीस नकाशाकडे बघत बोलत होते. "ती गेली त्याच आठवड्यात लिहिला होता तो मजकूर. माझ्याच सहीचं कार्ड माझ्याच घरी येईल. ते मी घेऊन ठेवू कुठे?" "नियम सगळ्यांना सारखा. माझं नाव नको यादीत. छाप तशीच."

या माणसाला आपण आठवडाभर मनातल्या मनात शिव्या देत होतो, याची धर्मराजांना लाज वाटली. मितालीने प्रिंटरकडे हात नेला.

"थांब गं," शकूबाई म्हणाल्या. "साहेब, तुमच्या घरी फोन आहे ना?"

"आहे."

"मग त्याला आकडा नाही लागला? अख्ख्या पनवेलच्या लागला!"

टिपणीस वळले. मितालीने पडद्यावर पाहिलं. नंबर जुनाच होता. स्वतःची ओळ टिपणीसांनी कधी उघडलीच नव्हती, कारण उघडली की दुसरं नाव दिसलं असतं. मितालीने नंबराच्या पुढे एक आकडा टाइप केला. 'बदल नोंदवला'. शेवटच्या कॉलमात तारीख पडली आणि मालतीबाई होत्या तिथेच राहिल्या.

टिपणीसांनी चष्मा काढला, रुमालाने बराच वेळ पुसला आणि पुन्हा लावला.

"म्हात्र्यांची ओळ काढ," ते म्हणाले. "मुलीचं नाव घाल."

"पण सर, नियम..."

"मुलगी समोर उभी आहे. समोर उभ्या माणसाला गैरहजर कसं मांडणार? विचार म्हात्र्यांना, त्यांचं कामच आहे ते."

धर्मराजांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणासाठी काढला नव्हता असा आवाज काढला. "हजर आहे," ते म्हणाले.

सोडत पुढच्या रविवारी निघाली. टिपणीसांना घर लागलं नाही. त्यांनी निकाल सगळ्यांना खणखणीत आवाजात वाचून दाखवला आणि स्वतःचं नाव नसलेल्या यादीवर सही केली. जुनं घर सोडायचं नाही म्हणून त्यांना उलट बरंच वाटलं असावं, असं शकूबाईंचं मत पडलं. म्हात्र्यांना मात्र लागलं, दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या नळासह.

त्याच आठवड्यात पोस्टमनने आणखी एक कार्ड आणलं. या वेळी त्याने ते दारात उभं राहून आधी स्वतः नीट वाचलं आणि मगच धर्मराजांच्या हातात दिलं. संस्थेचंच होतं. "आपल्या घरी नीता हिचे आगमन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. बाळ-बाळंतिणीस दीर्घायुष्य लाभो." शकूबाई गुडघे धरून हसल्या. धर्मराज हसले नाहीत. त्यांनी चपला घातल्या, बाजारात जाऊन पेढ्यांचा पुडा आणला आणि चारही बिऱ्हाडांत स्वतः वाटायला निघाले.

कामतांनी पेढा तोंडात टाकला. "सुकापूरचं घर लागलं, त्याचे ना?"

"ते लागलं, पण हे त्याचे नाहीत."

"मग कसले?"

धर्मराजांनी आणखी एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "मुलगी झाली."